पांढऱ्या कडांची होया

चित्रलेखाने संक्रांतीचं वाण म्हणून रोपं दिली, तेव्हा आम्ही पाचही जणींनी मनातल्या मनात नाकं मुरडली. जानेवारी एकवीस. मेलबर्नच्या क्लेटन उपनगरात वर्षभराने कुणाच्या घरी जमायला मिळालं होतं, आणि या बाईने स्टीलच्या वाटीऐवजी होया नावाच्या वेलीची एकेक फांदी हातावर ठेवली. जाड पानं, पांढऱ्या कडा, खाली कोवळी मुळं.

मूळ वेल तिला शेजारच्या ग्रीक आजींनी दिलेली. त्या पहिल्याच वर्षी कोविडने गेल्या. चित्रलेखा पॅथॉलॉजीत रक्त काढायचं काम करते. स्वतःसाठी साधी लिपस्टिक घेणार नाही, पण रविवारच्या बाजारात पाच डॉलरच्या वेली शोधत उन्हातान्हात हिंडायची. लॉकडाऊनमध्ये अख्खं मेलबर्न झाडांच्या नादी लागलं आणि पाचाची फांदी दोनशेवर गेली. तिची खरेदी थांबली, तरी विकायचं नाव नाही. "अगं, कटिंग मागितली की द्यायची असते," म्हणायची. मला रागच यायचा. नोकरी शाबूत असली की असला दिलदारपणा परवडतो.

माझी गेली होती. ट्रॅव्हल एजन्सीतली नोकरी, आणि देशाच्या सीमाच बंद. जुलैत मी वाणाची होया फेसबुक मार्केटप्लेसवर विकायला टाकली. तासाभरात दोनशे वीस डॉलर आले ते भाड्यात गेले.

नोव्हेंबरमध्ये चित्रलेखा दारात उभी. टेस्टिंगच्या डबल शिफ्ट्समध्ये ती अडकली असताना नवऱ्याने मूळ वेलीला मायेने रोज पाणी घातलं, आणि ती कुजली.

"दीप्ती, तुझ्या वेलीची दोन पानांची कटिंग दे ना. आजींचं माझ्याकडे तेवढंच होतं."

मी सांगून टाकलं, विकली म्हणून. मान वर करवेना.

"तुझ्याआधी चौघींकडे जाऊन आले. सगळ्यांची मेली म्हणे. मार्केटप्लेसवरच्या त्यांच्या फोटोंत मात्र चांगल्या जिवंत दिसत होत्या." ती हसली आणि मग रडायला लागली. डोळे पुसत म्हणाली, "घेणारीचा नंबर आहे?"

होता. मी फोन लावला. पॉइंट कुक उपनगरातली बाई. वेल छान वाढलीय, पण दोन पानांचे एकशे चाळीस पडतील म्हणाली. मी भांडायला तोंड उघडलं, तर चित्रलेखाने माझा हात दाबला, "नो वरीज" म्हणाली आणि तिथल्या तिथे पैसे पाठवले.

मी देते म्हटलं, तर ऐकेना.

"तुझ्याकडे राहिली असती तर तू मारली असतीस," ती म्हणाली. "विकलीस म्हणून जगली."