भिंतीवरचे गुरुजीमामा

फोटो काढायचा म्हटला की लोक टोपी नीट करतात. आमचे गुरुजीमामा ती काढून खिशात घालत. कपाळापासून डाव्या गालापर्यंत त्यांना कोड होतं. ते झाकलं जाऊ नये म्हणून ही तयारी. मग मामा पुढच्या रांगेत येऊन छाती काढून उभे राहत.

म्हसळा तालुक्यातल्या एका शाळेत त्यांची उभी हयात गेली. जूनमध्ये नवी मुलं आली की पहिला तास चेहऱ्याचाच. "हे कोड हाय. कुनाला लागत न्हाय. हात लावून बघा," असं म्हणत ते बाकांमधून फिरत. पोरं आधी बिचकत, मग भीत भीत गालाला बोट लावत. दुसऱ्या दिवसापासून त्यांना मामांच्या कोडाची नाही, पाढ्यांची भीती वाटे.

माझ्या मामेबहिणीचं लग्न ठरवताना मात्र घरात वादळ उठलं. मुलाकडच्यांनी सगळ्या कुटुंबाचा फोटो मागितला होता. स्टुडिओवाला म्हणाला, गुरुजी, कॉम्प्युटरवर डाग चुटकीसरशी घालवतो, कुणाला कळणारही नाही. आम्ही सगळ्यांनी मामांना विनवलं, मामींनी तर अबोलाच धरला. मामा म्हणाले, "फोटोत लपवीन, पन मांडवात कुठं लपवू?" फोटो होता तसाच गेला आणि ते स्थळ मोडलं. बहीण रडली तेव्हा मला मामांचा मनस्वी राग आला होता. पुढे तोच फोटो बघून दुसरं घर चालत आलं, आणि मामांनी ते आम्हाला जन्मभर ऐकवलं.

मी नवा फोन घेतला तेव्हाची गोष्ट. त्याचा कॅमेरा आपणहून चेहरे उजळ करायचा. मामांनी स्वतःचा फोटो बराच वेळ निरखला आणि फोन परत देत म्हणाले, "मानूस बरा दिसतोय. कोन हाय?"

गेल्या थंडीत मामा गेले. पुण्यानुमोदनाला मी अलिबागहून पोहोचले आणि दारातच थबकले. बुद्धमूर्तीशेजारी भिंतीवर मोठी तसबीर होती, आणि तिच्यातल्या मामांचा चेहरा गुळगुळीत, एका रंगाचा. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या माणसाने आयुष्यभर एक डाग पुसू दिला नाही, त्याचा चेहरा मेल्यावर पुसायचा? मी तडक स्वयंपाकघरात गेले. स्टुडिओवाल्याच्या नावाने नको नको ते बोलले आणि मामींना म्हटलं, माझ्याकडे खरा फोटो आहे, संध्याकाळपर्यंत तो लावू.

मामी तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"त्याला मीच सांगितलं. लग्नात हे असेच व्हते. कोड मागून आलं. तवा आमच्यात फोटू कोन काढतोय?" मग एक खडा बाजूला टाकत म्हणाल्या, "ज्यांच्यासंगं मी लगीन केलं, ते मला येकदा बघायचे व्हते."

माझा राग कुठल्या कुठे गेला. इतकी वर्षं आम्ही मामांचं ऐकत आलो. मामींना काय हवंय, हे कुणी विचारलंच नव्हतं. फार वाईट वाटलं.

मामी हात पुसून उठल्या, मला बाहेर घेऊन आल्या. दोघी तसबिरीसमोर उभ्या राहिलो. त्या फोटोकडे बघत राहिल्या, आणि हळूहळू त्यांचा चेहरा गोंधळल्यासारखा झाला.

"मलाबी आता नीट आठवत न्हाय गं," त्या म्हणाल्या. "तू सांग, असंच दिसायचे ना?"

त्यांच्या लग्नात मी जन्मलेही नव्हते. मी हो म्हणाले.