महागाचा रॉड, स्वस्तातलं रीळ

आमच्या घरात वाद तोंडाने सुरू व्हायचा आणि हाताने संपायचा. विहिरीतून मोटर वर काढताना दोर निसटला तर वडील मारायचे, आणि नाही निसटला तरी पुढच्या वेळेची आठवण म्हणून एखादी ठेवून द्यायचे. दादा माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. दोघं लग्नाला आलो तरी एकमेकांच्या उरावर बसायचो. पाण्याची पाळी, मोटरसायकलची किल्ली, कोबीवरची फवारणी, कारण कुठलंही चालायचं. त्यामुळे नव्वद सालानंतर कधीतरी नाशिकच्या भर बाजारात आम्ही मासेमारीच्या सामानावरून एकमेकांना बडवलं, याचं ओळखीच्या कुणालाच नवल वाटलं नाही.

त्या वर्षी दसऱ्याला झेंडू चांगला गेला होता. वडिलांनी खूश होऊन आम्हा दोघांत मिळून काही पैसे दिले. तोवर आम्ही टोमॅटोच्या मांडवातल्या बांबूला तंगूस, म्हणजे नायलॉनचा बारीक दोरा, बांधून गंगापूर धरणाच्या फुगवट्यावर गळ टाकायचो. आता खरं सामान हवं होतं. दुकानदाराने पैसे बघितले आणि म्हणाला, "यात एकच गोष्ट चांगली बसेल. रॉड तरी, नाहीतर रीळ तरी."

"रीळ," दादा म्हणाला.

"रॉड," मी म्हणालो.

दादाने एका रेल्वेवाल्याला बघून ठेवलं होतं. तो मनमाडहून रविवारी धरणावर यायचा आणि भलेमोठे कटले मासे काढायचा. "मासा पळाला की रिळानं तंगूस सोडलं पाह्यजे," दादा मला समजावत होता. "पळून पळून त्यो दमतो. काठी कोणतीबी चालती." मला ते पटलं होतं. पण काळा, चकचकीत रॉड माझ्या हातात होता, वाकवला की लवत होता, आणि दादाचं म्हणणं त्याच्या तोंडावर कबूल करायची मला सवय नव्हती. मी म्हटलं, रीळ म्हंजे नुसती भिंगरी. तो म्हणाला, "तू बैलच हाय." मी त्याच्या तोंडावर ठोसा मारला. त्याने माझी मान काखेत धरून मला काउंटरवर आपटलं. मी दुसरा ठोसा मारला तेव्हा त्याचा दात त्याच्याच ओठात घुसला. दुकानदार ओरडत होता, रस्त्यावर माणसं थांबली होती. दादा रक्त थुंकला आणि बाही तोंडाला लावून म्हणाला, "घे बाबा तुझी काठी."

मी जिंकलो होतो. महागाचा रॉड घेतला आणि उरलेल्या पैशांत येईल ते रीळ.

पुढच्या रविवारी धरणावर गेलो. आईच्या गळ्यात तुळशीची माळ, घरात मासा चालत नसे. आम्ही तिथेच तीन दगड मांडून भाजून खायचो. रॉड दादाच्या हातात होता आणि मी कोयता घेऊन सरपणाला बाभळ तोडत होतो. एवढ्यात रीळ किंचाळलं. मग आत काहीतरी कट्कन मोडलं, मूठ गरागरा फिरून दादाच्या बोटांवर बसली आणि तंगूस सुसाट पाण्यात जायला लागलं.

"सोडू नको!" मी ओरडलो. "दोर धर!"

मी अगदी वडिलांच्या आवाजात ओरडलो होतो. दादाने विहिरीवर जे करायचो तेच केलं. हाताला वेढा घेतला. मोटरीच्या जाड दोराला तो वेढा बरा असतो. साबणात तार जावी तसं तंगूस त्याच्या बोटात गेलं. तो गुडघ्यांवर पडला, फरफटत पाण्यात गेला. पुढे कटला एकदा वर आला. त्याची पाठ पाटाएवढी होती.

"काप!" दादा ओरडला.

कोयता माझ्या हातात होता. मी माशाकडे बघत होतो. आता दमेल, असं मला वाटत होतं.

"अरे काप!"

तिसऱ्यांदा त्याने आईवरून शिवी दिली, आपल्या दोघांची आई एकच आहे हे विसरून. तेव्हा मी कापलं. मासा गेला. पाणी लाल झालं होतं आणि त्यात तो रॉड पडला होता, त्याला ओरखडासुद्धा आला नव्हता.

करंगळीशेजारचं ते बोट आठवड्यात काळं पडलं. सरकारी दवाखान्यात वरची दोन पेरं काढून टाकली. वडिलांनी विचारलं, कसं झालं. दादा म्हणाला, "माझाच वेढा बसला." वडिलांनी तिथेच, व्हरांड्यात, बँडेज बांधलेल्या माणसाच्या कानाखाली आवाज काढला. मी शेजारी उभा होतो.

त्यानंतर दादाने माझ्यावर कधी हात उचलला नाही. मी मुद्दाम त्याची पाण्याची पाळी मारली, शिव्या दिल्या, एकदा छातीवर ढकललं. तो निघून जायचा. लोक म्हणाले, भावांना अक्कल आली. मला मात्र स्वतःची शिसारी यायची. तो मला मारत नव्हता, म्हणजे त्याला सगळं माहीत होतं.

बारा वर्षं गेली. मग मी दुकानातलं सगळ्यात चांगलं रीळ घेतलं आणि त्याच्याकडे गेलो. तो मोटरीच्या खोलीच्या पायरीवर बसला होता. त्याने मूठ फिरवली, तंगूस ओढून बघितलं. ते मऊ किरकिरत सुटत गेलं.

"हे असं पाह्यजे होतं," तो म्हणाला. मग माझ्याकडे न बघता, "कोयता तुझ्या हातात होता ना रे?"

"होता."

"मग?"

खोटं तयार होतं, बारा वर्षं घोटून ठेवलेलं. ते तोंडातून आलंच नाही.

"मासा लय मोठा होता, दादा."

त्याने रीळ जपून पायरीवर ठेवलं. उठला आणि सगळ्या ताकदीने माझ्या मुस्काटात मारली. मी भिंतीवर जाऊन आदळलो. कान सुन्न झाला, तोंडात रक्ताची चव आली, आणि मी रडलो.

घरी बायकोने विचारलं, कुणी मारलं. मी मोरीवरच्या आरशात बघितलं. गालावर बोटं उठली होती, साडेतीन.