माशांची कणीक

सिरसाळ्याच्या दूध संघात धुळाजी सोळा वर्षं दुधाचं फॅट तपासत होता. दुष्काळाने संकलन चार हजार लिटरवरून सहाशेवर आणलं, तपासणीची तीन माणसं घरी गेली. धुळाजी राहिला तो अध्यक्षांच्या दालनातल्या काचेच्या टाकीमुळे. दुधातलं पाणी ओळखणाऱ्याला पाण्यातलं काय ते कळणारच, असा अध्यक्ष भगवानरावांचा हिशोब होता.

टाकीत समुद्राचं पाणी, प्रवाळ आणि अकरा मासे. दारात टँकरसाठी घागरींची रांग. आत मात्र संघाच्या यंत्रातून शुद्ध केलेलं दीडशे लिटर पाणी दर आठवड्याला मीठ कालवून टाकीत जायचं. निघालेलं खारं पाणी बाया मागायला यायच्या. तोंडात धरून बघायच्या आणि थुंकून परत रांगेत उभ्या राहायच्या.

तरीही प्रवाळ तपकिरी पडले, काचेवर शेवाळ चढलं. धुळाजीने परीक्षानळीत पूड टाकली की रंग गडद गुलाबी होई. नायट्रेट ऐंशी, हवं होतं दहाच्या आत. फॉस्फेटही तसंच चढलेलं.

"दीड महिन्यावर रौप्यमहोत्सव हाय," भगवानराव म्हणाले. "तवर पाणी सुधारलं न्हाई तर तूबी घरी."

"साहेब, खाणं लई पडतंय. तेच सडतं, त्याचंच हे होतंय. कमी करावं लागंल."

"माझ्या दारात कुणी उपाशी राहात न्हाई."

हे ते खिडकीला पाठ करून म्हणाले. घागरी खिडकीबाहेर होत्या.

खाणं घालत होत्या अध्यक्षांच्या आई, केसरबाई. देवाच्या कुंडातल्या माशांना कणकेच्या गोळ्या घातल्या की पुण्य लागतं, मग या माशांनी काय पाप केलं? आई घालते म्हटल्यावर संचालक घालू लागले, पाठोपाठ कर्ज मागणारे, बदली मागणारे. कामाला आलेला प्रत्येक जण खिशातून गोळी काढायचा आणि भगवानराव बघतायत ना, एवढं बघायचा. माशांकडे कुणीच बघत नव्हतं.

भगवानरावांनी पुण्याहून गाळणीयंत्र मागवलं. ते पंधरा दिवस गुरगुरलं. नळी गुलाबीच राहिली.

मग धुळाजीने टाकीपुढे पितळी परात मांडली आणि टाकीवर जाळी बसवून तिला कुलूप घातलं.

"कावून रं?" केसरबाईंनी विचारलं.

"आईसाहेब, खारे मासे मानी असत्यात. दहा हातांचं खात न्हाईत. तुमी परातीत ठिवा, मी येळेवर भरवतो."

केसरबाईंना हे पटलं. मानी माणसं त्यांच्या घरातच होती.

परात सकाळ-संध्याकाळ भरे. धुळाजी चिमूटभर खाणं माशांना घाली, तळाचा गाळ नळीने ओढून काढी आणि परात घरी नेई. पाणी आठवड्याला तेवढंच बदलत होता, घाई न करता; एकदम फरक पडला तर प्रवाळच मरतात. नायट्रेट पन्नासवर आलं, मग वीस, मग आठ. फॉस्फेटही मागोमाग उतरलं. शेवाळ सुटलं. प्रवाळ जांभळे झाले.

रौप्यमहोत्सवात यंत्र देणाऱ्या पुण्याच्या माणसाला शाल-श्रीफळ मिळालं. "नेतृत्व निर्मळ, तर पाणी निर्मळ," असं भगवानराव माइकवरून बोलले आणि संचालकांनी टाळ्या वाजवल्या. धुळाजी मागे उभा होता. त्याला कामावर ठेवल्याचा कागद दुपारी मिळाला. सही करताना भगवानरावांनी वर बघितलं नाही.

घरी बायको अंजना शेळ्यांपुढे परात रिकामी करत होती. त्या उन्हाळ्यात सिरसाळ्यात साऱ्या जनावरांच्या बरगड्या मोजता येत होत्या, धुळाजीच्या दोन शेळ्यांच्या सोडून.

"कोण म्हणतं दुष्काळ हाय?" अंजना म्हणाली.

"अध्यक्षांच्या दारात कुणी उपाशी राहात न्हाई," धुळाजी म्हणाला आणि परात घासायला घेतली. सकाळी ती चकचकीत लागायची.