सुईवाली हौसा

"मांजरच तर हाय की" असं कुणी म्हटलं, की माझी बायको हौसा त्या माणसाला चहा द्यायची नाही. माझा सख्खा भाऊ एकदा म्हणाला आणि बिनचहाचा घरी गेला.

मी फौजेतून हवालदार म्हणून सुटून कोरेगावात आलेलो. हौसानं आमच्या बोक्याचं नाव ठेवलं सुभेदार. म्हणाली, "घरात तुमच्या वरचा एक असू द्या. न्हाईतर तुमचा आवाज लय चढतोय."

हा सुभेदार मागं एकदा पाण्याच्या बादलीपाशीच बसायला लागला. सारखं पाणी, सारखी लघवी, आणि भरपूर खाऊनही अंग उतरलेलं. जनावरांच्या डॉक्टरांनी कानाला टोचून रक्त तपासलं आणि सांगितलं, शुगर आहे. मला हसू आलं. हौसा हसली नाही.

"मरंल का?" तिनं विचारलं.

"काळजी घेतली तर जगेल, काकू."

सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन. दूध-भाकरी बंद, अंडं नाहीतर कोंबडी. हौसानं आधी उशीला सुया टोचून हात बसवला, मग मला धरलं. "मानंमागची कातडी चिमटीत उचला. तंबू करा, आवं, तंबू! फौजेत ठोकलाय का नुसतं जेवून आलाय?"

ती चुकली एकदाच. नवरात्रात आमच्याकडे घट बसतो, नऊ दिवस घरात अंडं शिजत नाही. तिनं सुभेदारासमोर दूध-भात ठेवला. त्यानं वास घेतला आणि तोंड फिरवलं. खाईल मागनं, असं म्हणून तिनं रोजची सुई दिली. दुपारी बोका झिंगल्यासारखा चालला आणि धाडकन पडला. मी नुसता बघत राहिलो. हौसानं फळीवरची काकवी काढली, बोटानं त्याच्या हिरड्यांना चोळली, त्याला पदरात गुंडाळून अनवाणी दवाखान्यात पळाली. बोका वाचला. डॉक्टर म्हणाले, "साखर एकदम उतरली होती. खाल्लं नाही तर सुई द्यायची नाही. आधी मला फोन करायचा."

दुसऱ्या दिवशी हौसानं अंगणात तीन दगड मांडले आणि घट बसलेला असताना अंडं उकडायला ठेवलं. शेजारून माझी थोरली भावजय धावत आली.

"हौसा, बाटवलंस गं घर! देवी कोपंल."

हौसाचा स्वतःचा नऊ दिवसांचा कडक उपास. फुंकणी खाली न ठेवता म्हणाली, "अक्का, देवी वाघावर बसती. त्यो वाघ काय भगर खातोय व्हय?"

भावजय आली तशी गेली. मला बायकोचा इतका अभिमान लग्नातही वाटला नव्हता.

पुढं साखर आटोक्यात आली. डॉक्टर डोस उतरवत गेले आणि एक दिवस त्यांनी सुई बंदच केली. "सगळ्यांचं असं होत नाही काकू. पुन्हा वाढू शकते, तपासत राहा." हौसा बोक्याला कडेवर घेऊन सगळी आळी फिरली. आमचा पोरगा फौजेत भरती झाला तेव्हासुद्धा अशी फिरली नव्हती. मग डॉक्टरच लोकांना तिच्याकडे धाडायला लागले, सुई कशी धरायची ते बघायला.

यंदा संक्रांत झाली आणि हौसा गेली. झोपेतच. आता घरात माझा आवाज मलाच ऐकू येतो.

परवा कडेगावचा एक बाप्या टोपलीत मांजर घेऊन दारात उभा राहिला.

"सुईवाल्या मावशी हितंच ऱ्हात्यात का?"

"गेल्या त्या," मी म्हणालो.

तो टोपली उचलून वळला.

"कुठं चाललास रं? बस खाली, काढ मांजर भाईर. तिनं माझ्यासारख्या धोंड्याला बी शिकवलंय."