दुमडीवर कापलेलं पान

आमच्याकडे नवं पुस्तक घरात आलं की आधी कव्हर, मग वाचन. नवऱ्याने हाच नियम लेकीच्या चेलोच्या, म्हणजे त्या मोठ्या उभ्या व्हायोलिनच्या, नोटेशनला लावला आणि ऑडिशनच्या सकाळी माझं डोकं फिरलं.

ती रचना एका ब्रिटिश बाईंची, आजच्या काळातली. मला विचाराल तर सुरुवातीला चेलो नुसता कण्हत असतो. पण लेकीचा जीव तिच्यात अडकलेला. दुबईतल्या युवा ऑर्केस्ट्रात शिरायची ही शेवटची संधी, पुढच्या वर्षी तिचं वय उलटणार. फोटोकॉपी चालणार नव्हती म्हणून छापील प्रत इंग्लंडहून मागवली होती. तिच्यातलं एक पान तिप्पट लांब, दुमडून आत घातलेलं. त्या जागी वाजवणाऱ्याचे दोन्ही हात गुंतलेले असतात, पान उलटायला सवड नसते, म्हणून प्रकाशकाने केलेली सोय. उलगडलं की स्टँडवर आडवं पसरायचं.

नवरा शारजात एका गॅरेजमध्ये फोरमन. शेजारच्या दुकानातून त्याने प्रत स्पायरल करून आणली, वर जाड प्लास्टिक. नाश्त्याला बसलो तेव्हा कौतुकाने पुढे ठेवली. "ते लांब पान सारखं बाहेर यायचं, फाटलं असतं. दुमडीवर कापून घेतलं. आता कसं वहीसारखं झालं."

लेकीने ते उघडलं आणि चहा तसाच टाकून आत गेली.

"अरे, विचारायला काय तोंड शिवलं होतं तुझं? वर्षभर घासतेय पोरगी!"

ऑडिशनला निघालो, अल कुसैसचा सिग्नल लागला तरी माझ्या तोंडाचा पट्टा चालूच होता. मागच्या सीटवर बसून मी स्पायरलची तार सोडवली आणि पानं चिकटपट्टीने जोडायला लागले. गाडी दर मिनिटाला ब्रेक मारत होती, पट्टी बोटांनाच चिकटत होती, आणि काही सूर तर भोकांतच गेले होते. शेवटी पट्टीचाच बोळा झाला, पानं सुटीच राहिली. "आजपासून तिच्या वस्तूला हात लावायचा नाही. खलास," मी म्हणाले. त्याने गाडी पुढच्या लेनमध्ये घातली. त्याचाही मला राग आला.

"मम्मी, प्लीज स्टॉप," लेक म्हणाली. मग पुढे वाकून त्याला म्हणाली, "पपा, यू टर्न द पेज. व्हेन आय नॉड."

ज्याला सारेगमसुद्धा येत नाही, तो पान उलटणार! परीक्षकांनी मात्र परवानगी दिली. मी बाहेर, दाराच्या काचेला नाक लावून. लेक वाजवत पानाच्या शेवटाला आली, तिने मान हलवली. हा ढिम्म. पुन्हा हलवली. हा तिच्या डाव्या हाताकडे बघत बसलेला. मला काच फोडावीशी वाटली. मग लेकीने डोळे मिटले आणि पुढचं सगळं पाठ वाजवलं.

तिला घेतलं. तिथल्या तिथे सांगितलं. ती मैत्रिणीला फोन लावत बाजूला गेली, तशी मी त्याच्यावर तुटून पडले. "पान का नाही उलटलंस?"

"तिची बोटं पाहिलीस कधी जवळून?" तो म्हणाला. "घट्टे पडलेत. मी तिला लहानपणापासून सांगतोय, नीट शीक, म्हणजे गॅरेजात राबून हात माझ्यासारखे होणार नाहीत."