खालांच्या मनातला माझा आवाज

बोलताना नसीम खाला समोरच्याच्या डोळ्यांत बघत नसत, ओठांकडे बघत. इतरांना ते विचित्र वाटे. मला उलट बरं वाटायचं. कोणी डोळ्यांत बघितलं की माझं वाक्य अर्ध्यावरच विरून जातं. लूम विकून त्या लेकीकडे राहायला गेल्या, तरी गल्लीतून जाताना माझी नजर अजून त्यांच्या गच्चीकडे जाते.

भिवंडीतल्या त्या गल्लीत आम्ही नवे होतो. समोर खालांचा यंत्रमागांचा कारखाना, वर त्यांचं घर. शुक्रवार सोडला तर लूमची खडखड दिवसरात्र चालायची. झोपेत ती मला समुद्रासारखी वाटे. त्या वर्षी कॉलेजातून एका विद्यार्थी प्रवास कार्यक्रमासाठी माझी निवड झाली. नॉर्वेतल्या एका खेड्यात, एका कुटुंबात राहायचं. तिथं बर्फ पडतो तेव्हा काहीच ऐकू येत नाही, असं मी वाचलं होतं. मला ते ‘काहीच नाही’ एकदा ऐकायचं होतं. निम्मा खर्च संस्था करणार होती; उरलेल्यासाठी प्रायोजक आपले आपण मिळवायचे. मी सुंदर इंग्रजीत पत्रं लिहून गावातल्या व्यापाऱ्यांना पाठवली. एकाचंही उत्तर आलं नाही. पप्पा म्हणाले, "महिनाभर बघ. नाही जमलं तर सोडून दे."

आता प्रत्यक्ष जाऊन मागण्याशिवाय इलाज नव्हता. संध्याकाळी गच्चीवर उभी राहून, आवाज न काढता, नुसते ओठ हलवून मी सराव करू लागले. एकदा गल्लीत खालांनी मला अडवलं.

"काल गच्चीवर कंच्या शेटकडं पैशे मागत होतीस गो?"

मी गारच पडले. "तुम्हाला कसं कळलं?"

"दिसलं. पन पयलंच सॉरी सॉरी कशाला बोलतेस? त्याची म्हैस चोरलीस काय?"

लूम चालू असताना कोणाचं बोलणं कोणाला ऐकू येत नाही. तिथली माणसं ओठांवरूनच ओळखतात. खालांनी मला थेट कारखान्यात नेलं. "हितं वरड. कोनाला काय ऐकू जात न्हाय. मी हाय ना बघायला."

मग रोज दुपारी मी तिथं जायची. वरच्या झरोक्यातून ऊन उतरायचं, त्यात कापसाची रुई तरंगत असायची आणि हळूच आमच्या केसांवर, पापण्यांवर येऊन बसायची. त्या खडखडाटात मी नॉर्वेबद्दल ओरडत असे आणि खाला कानाशी येऊन म्हणत, "शबद गिळू नको. हात मागं नको लपवू."

एका दुपारी मी "मला जायचंच आहे!" म्हणून ओरडले आणि त्याच क्षणी लाइट गेली. सगळे लूम एकदम थांबले. कारखान्यात फक्त माझाच आवाज उरला.

एक म्हातारे कारागीर वळून म्हणाले, "तो जाओ ना बिटिया, रोका किसने है?" सगळा कारखाना हसला. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. खाला मात्र एकेकाच्या तोंडाकडे बघत होत्या.

"काय झालं? कशाला हसतायत?"

आता टाचणी पडली तरी ऐकू आली असती. तेव्हा माझ्या लक्षात आलं.

"खाला, तुम्हाला... ऐकू येत नाही?"

"उभी जिंदगी लूममधी काढली. कान कवाच गेले. अख्ख्या गल्लीला म्हायीत हाय. तू कोनाशी बोललीस तर तुला कळंल ना!"

चार दिवसांनी त्या मला धामणकर नाक्यावरच्या सुताच्या शेटकडे घेऊन गेल्या. त्यांचं सगळं सूत तिथूनच यायचं. मला वाटलं, खालाच बोलतील. त्या खुर्चीत नीट बसल्या, म्हणाल्या, "ही बोलंल," आणि माझ्या ओठांकडे बघू लागल्या.

मी बोलले. सॉरी न म्हणता.

शेट म्हणाले, "तुझं पत्र आलं होतं. मला वाटलं, कोर्टाची नोटीस." मग जरा पुढे वाकून विचारलं, "तिकडे जाऊन करणार काय?"

"बर्फ पडताना किती शांत असतं, ते ऐकणार."

"शांतता पाहिजे तर शुक्रवारी फिर ना आपल्या भिवंडीत!" ते हसले. मग पेपरवेट बाजूला सारला. "बरं. उरलेलं मी देतो. आल्यावर मात्र सांगून जा, कशी असते ती."

मी धन्यवाद म्हणायला तोंड उघडलं. तेवढ्यात खाला पुढे सरकल्या.

"शेट, हिचा आवाज कसा हाय?"

"आवाज?" शेट गोंधळले. "जाडा आहे जरा. घोगरा."

"घोगरा?" खालांनी वळून माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं, जणू आत्ताच ओळख झाली. "मला वाटायचं, चिमनीसारका असंल."

रिक्षात बसल्याबसल्या त्यांनी मला कोपरानं ढोसलं. "बोल गो."

"काय बोलू?"

"काय पन."

मी बोलत राहिले. स्वेटरबद्दल, विमानाबद्दल, ज्यांच्या घरी राहणार त्या अनोळखी बाईंबद्दल. बाहेर ट्रकांचे हॉर्न, रिक्षावाल्यांच्या शिव्या. शेजारी खाला एकटक बघत, मनातला माझा चिमणीचा आवाज काढून तिथं घोगरा बसवत होत्या. घर आलं तरी त्यांचं व्हायचं होतं. त्यांनी रिक्षावाल्याला सांगितलं, "एक चक्कर अजून मार."