कापसाचा जीन आणि बहिणीचा

धाकटी बहीण गेली त्या वर्षी मला कापसाचा हेवा वाटत होता. बीटीचा जीन काय करतो, हे खामगावच्या बियाण्याच्या दुकानात बाकावर बसलेला कोणीही सांगे: त्याने झाडात विष तयार होतं, बोंडअळी ते खाते आणि मरते. बहिणीच्या स्नायूंतली ताकद शाळेत असतानाच जाऊ लागली होती; जमिनीवरून उठायलाही तिला हात द्यावा लागे. तिच्या एका जीनमध्ये बदल सापडला, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "हा जीन पेशीतला कचरा बाहेर काढायला मदत करत असावा. नक्की कोणालाच माहीत नाही." ती गेल्यावर मी मिळतील ती पुस्तकं वाचली. बहुतेकांत त्या जीनचं नावही नव्हतं.

दिवाळीआधी काकांसोबत शेतात गेलो. बीटीच्या पाकिटासोबत साध्या बियांची लहान पुडी येते. अळ्यांना विषाची सवय होऊ नये, म्हणून ती शेताच्या कडेने लावायची असते. आमच्याकडे कोण लावतो? काकांनी त्या बिया, जिथे उगवलं नव्हतं तिथे टोचून टाकल्या होत्या. आता हिरव्यागार पऱ्हाटीत मधूनच एखादं झाड अळीने पोखरलेलं दिसे.

"हे पाह्य, लहान पुडीतलं," काका बोंड फोडून म्हणाले. "येच्यात तो जीन नाही, म्हून खाल्लं."

"तुम्हाले पाहताच कळते."

"मंग? तुह्या डॉक्टरले आण एखांद्या दिवशी. इतका शिकला, अन् एका जीनचं काम समजून नाही राह्यलं त्याले!"

मला हसू आलं नाही. पोखरलेल्या झाडालाही कारण मिळालं होतं.

मला दोष देण्यापुरता तरी तो जीन हवा होता. माझ्यात तो बदल नसला, तर तिच्या मरणाचं कारण तोच, असं मानता येणार होतं. मी रक्त तपासायला दिलं. तोच बदल माझ्यातही निघाला. मी तिच्याहून बराच मोठा, रोज सायकलवर शाळेत शिकवायला जाणारा. डॉक्टर म्हणाले, मग त्या बदलाला दोष देता येत नाही.

आईला सांगितलं, तेव्हा ती भाकरी थापत होती.

"म्हंजे तुले काही होत नाही?"

"नाही, असं वाटते."

"दोघाईच्या रक्तात एकच?"

"हाव."

"मंग तिलेच काऊन?"

तेव्हापासून मी जमिनीवरून उठू लागलो, की ती हातातलं काम थांबवून माझ्या पायांकडे पाहते. त्या नजरेत काळजी असते. लेकीच्या वतीने थोडा हेवाही असतो. मला तो ओळखू येतो. मग मी सावकाश उठतो.